सतरा जणांची खोली

त्या उन्हाळ्यात आईबाबांच्या अबोल्याचा सातवा आठवडा चालू होता,
तरी आम्ही निघालो,
कारण डोंगरातल्या तीन घरांची नोंदणी मार्चमध्येच झाली होती
आणि भरलेले पैसे परत मिळणार नव्हते.

ट्रेंटाच्या खोऱ्यात गाडी लावली.
बाबांनी आदल्या रात्री सॅक वजनकाट्यावर तोलल्या होत्या :
स्वतःची चौदा किलो, आईची नऊ, माझी चार,
विदकडे फक्त पाण्याची बाटली आणि कापडी बिजू.
अबोला कुणाच्या सॅकमध्ये भरला
ते मला दिसलं नाही.

वाट सोपी होती, म्हणजे वाचायला :
दगडावर लाल कडं, कड्यात पांढरा ठिपका,
पुढे कुठेतरी पुन्हा तेच.
विद प्रत्येक ठिपक्याला हात लावायचा,
एखादा राहिला तर मागे पळायचा.
त्याच्यापायी दोन तास उशीर झाला
आणि कुणी कुणाला दोष दिला नाही.
दोष द्यायलाही बोलावं लागतं.

"नेझा, बाबांना सांग, पुढचा दगड हलतोय."
"नेझा, आईला सांग, दिसतंय मला."
मी मध्ये, टपालासारखी.
कड्यात ठोकलेली लोखंडी दोरी लागली
तेव्हापासून मी पत्रं फोडून
मजकूर थोडा बदलायला लागले.
"आई म्हणते, जपून."
"बाबा म्हणतात, बरं झालं सांगितलंस."
दोघंही माझ्याकडे बघायचे, रोखून.
पण असं म्हणालोच नाही,
असं कुणी म्हणालं नाही.

कुठूनतरी मार्मोटने शीळ घातली.
विद म्हणाला, आपल्याबद्दल सांगतोय तो.

पहिल्या घराच्या दारातच बूट काढायचे
आणि फळीवरच्या सपाता घालायच्या.
आम्ही शेवटचे. आईच्या वाट्याला
दोन्ही डाव्या पायाच्या आल्या.
घर सांभाळणाऱ्या झोर्काबाई म्हणाल्या,
"टाकीत पावसाचं पाणी असतं, आणि पाऊस अठरा दिवस नाही.
दात घासा. तोंडं खाली गेल्यावर धुवा."
मग आंबट कोबी आणि घेवड्याचं सूप,
इतकं गरम की विदचा चष्मा पांढरा झाला.

वर एकच खोली. एकच लांब फळी.
सतरा गाद्या, खेटून.
आमच्या घरी तोवर बाबांची उशी
बैठकीच्या खोलीत गेली होती,
आधी पाठदुखीच्या नावाखाली, मग नावाशिवाय.
मी ठरवून ठेवलं होतं :
एका कडेला आई, दुसरीला बाबा, मध्ये आम्ही.
पण बिजूला भिंत लागते,
विदला बिजू लागतो,
आणि अंधारात विदला मी.
त्यामुळे भिंतीकडून विद, मी, मग आई, मग बाबा,
आणि त्यांच्या पलीकडे ब्रनोहून आलेले एक आजोबा
जे दिवा मालवल्या मालवल्या घोरायला लागले.

साधं घोरणं नव्हतं ते. आधी करवत.
मग शांतता, इतकी लांब की सोळाजण श्वास धरून.
मग एक बारीक शिट्टी.

फळी थरथरायला लागली.
मला वाटलं, आई रडतेय.
हात लावून पाहिलं तर ती
ब्लँकेटचा कोपरा दातात धरून हसत होती,
आणि तिच्या पलीकडून, तालात न बसणारा,
दुसरा एक हादरा येत होता.
फळी एकच. सगळ्यांना सगळं पोचत होतं.

पुढच्या वसंतात बाबा क्रान्यला वेगळे राहायला गेले.
हे लपवलं तर बाकीचंही
खोटं वाटेल, म्हणून सांगतेय.

पण त्या रात्री, उशिरा, आई बाहेर जायला उठली,
अंधारात दोन डाव्या सपाता चाचपू लागली,
तेव्हा पलीकडून टॉर्चचा उजेड
तिच्या पावलांपाशी येऊन थांबला
आणि ती परत येईपर्यंत
दाराकडे तोंड करून तसाच राहिला.

मी जागीच होते.
दिवसभरात पहिल्यांदाच
माझ्याकडे कुणाचाही निरोप नव्हता.